आरडी बॉटल वाटते तेवढी सोपी नाही

एमएस्सी ऑरगॅनिक झाल्यावर तारापूरला एका टेस्टिंग लॅबमध्ये लागलो आणि पहिल्याच आठवड्यात हातात आली २५ एमएलची आरडी बॉटल, म्हणजे रिलेटिव्ह डेन्सिटी (माल पाण्याच्या किती पट जड) मोजायची, भोकाच्या स्टॉपरची काचेची छोटी बाटली. मनात म्हटलं, हे तर बारावीचं काम. सॅम्पल टोल्युईन (पेट घेणारं एक सॉल्व्हंट), २० डिग्रीला ०.८६७ यायला हवं, माझं येतंय ०.८६२, मग ०.८६३, तिसऱ्यांदा परत तेच. मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "अरे, २० डिग्रीच्या पाण्याच्या बाथमधून काढल्यावर बॉटल मुठीत का धरतोस?" हाताच्या गरमीने टोल्युईन फुगतं, स्टॉपरच्या बारीक भोकातून वर येतं, मी ते इमानदारीत टिश्यूने पुसत होतो, म्हणजे दर वेळी माल कमी करत होतो! बॉटल गार झाल्यावर भोकातली लेव्हल खाली गेलेली दिसली की समजायचं, हाच घोळ झालाय. म्हणून मान धरायची, तीही टिश्यूने, आणि भोकावर टिश्यू दाबायचा नाही, तो आतलं ओढून घेतो.

गणित सोपंय. रिकामी बॉटल, पाणी भरून, सॅम्पल भरून, तीन वजनं. माझं पाणी भरलं २४.९३१ ग्रॅम, टोल्युईन २१.६५०, भागाकार ०.८६८४. नवीन पोरं इथेच थांबतात. ओईसीडी १०९ मध्ये, म्हणजे डेन्सिटी मोजायच्या आंतरराष्ट्रीय टेस्ट पद्धतीत, तुलना ४ डिग्रीच्या पाण्याशी आहे, आपलं पाणी २० डिग्रीचं, म्हणून ०.९९८२ ने गुणायचं, तेव्हा ०.८६६८ येतं.

एवढी कटकट कशाला, तर हा आकडा एसडीएसच्या (केमिकलसोबतच्या सेफ्टी डेटा शीटच्या) सेक्शन ९ मध्ये जातो आणि सेफ्टीवाले त्यावरून ठरवतात की माल सांडला तर पाण्यावर तरंगणार का बुडणार. टोल्युईन पेटलं आणि त्यावर पाण्याचा जेट मारला तर ते पेटलेलंच पाण्यावर पसरत जातं, उलट कार्बन डायसल्फाइड १.२६, पाण्याखाली बुडतं, म्हणून ते पाण्याच्या थराखालीच साठवतात. आणि व्हेपर डेन्सिटी, म्हणजे वाफेची, वेगळी हां, ती हवेशी तुलना. टोल्युईन पाण्याहून हलकं पण त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड, जमिनीलगत सरकत जाते. इंटरव्ह्यूत इथे बरेच जण गडबडतात.

आता डिजिटल मीटर आलेत, आतल्या इंग्रजी यू आकाराच्या नळीत एक-दोन एमएल सोडलं की झालं, पण घट्ट काळ्या सॅम्पलमध्ये अडकलेला बुडबुडा डोळ्याला दिसत नाही आणि मीटर चुकीचा आकडा बिनधास्त दाखवतं, तेव्हा मी अजूनही गुपचूप बॉटल काढतो.