लाइट गेली तरी फरशी कोरडी: माशांच्या चार फुटी टाकीसाठी घरगुती सम्प

सम्प म्हणजे माशांच्या टाकीखाली स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी, गाळणीची टाकी: वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाने तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपाने पुन्हा वर चढवतो. सम्प बांधायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पंपाचा. किती लिटरचा घेऊ? मी उलट विचारते, तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते? आमच्या कोथरूडच्या बाजूला देखभालीसाठी लाइट जाते ती बहुतेक गुरुवारी, आणि पाणीही बंद असलं तर तेही गुरुवारीच. घरात कुणी नसतं. पंप सुरू असताना कसाही बांधलेला सम्प चालतो. पंप थांबल्यावर वरच्या टाकीतलं किती पाणी खाली उतरेल आणि ते खाली मावेल का, एवढं गणित आधी कागदावर जमलं पाहिजे. मापं त्यातूनच निघतात.

माझी टाकी ४८ × १८ × १८ इंचांची, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर. आत दोन ऑस्कर मासे. ऑस्कर जेवतो कमी आणि सांडतो जास्त. वर लटकवायचा फिल्टर त्यांच्यापुढे दोन दिवसांत हात टेकतो, आणि या मापाच्या टाकीला पुरेल असा चांगला कॅनिस्टर, म्हणजे बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्यायचा तर माझं बजेट कधीच ओलांडलेलं असतं. माळ्यावर ३० × १२ × १५ इंचांची जुनी टाकी पडून होती. तिचाच सम्प केला. तुमच्याकडे नसेल तर सेकंडहँड बघा. बाहेरून ओरखडे असले तरी चालतील, स्टँडच्या दाराआड कोण बघतंय! फक्त स्टँडच्या आतली मोकळी जागा आधी टेपने मोजा, दाराची चौकट धरून. आणि सम्पच्या वर किमान आठ इंच जागा सोडा, नाहीतर पंप काढायला हात जात नाही.

आता गणित. वरच्या टाकीत एक इंच उंचीचं पाणी म्हणजे ४८ × १८ = ८६४ घन इंच, म्हणजे १४ लिटर. हा आकडा पाठ करा. लाइट गेली की दोन वाटांनी पाणी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या वर जेवढं असेल तेवढं उतरतं, ते अर्धा-पाऊण इंच. दुसरी वाट लोक विसरतात: पंपाचा वर चढणारा पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढत राहतो. ते तोंड टाकीत आठ इंच खोल सोडलं असेल तर ११० लिटर पाणी खाली येणार, आणि माझा अख्खा सम्प भरतो तो ८८ लिटरला.

म्हणून रिटर्नचं तोंड पाण्याखाली दोनच इंच ठेवायचं आणि त्याच पाइपाला पाण्याखाली एक इंचावर ६ मिलिमीटरचं भोक पाडायचं. पाणी इंचभर उतरलं की भोकातून हवा शिरते, सायफन तुटतो, १४ लिटरवर काम थांबतं. भोक शेवाळाने किंवा गोगलगायीने बुजलंच, तरी दोन इंचांवर पाइपाचं तोंड उघडं पडतं, म्हणजे २८ लिटर. माझ्या सम्पमध्ये चालू पातळीच्या वर ३० लिटरच्या आसपास जागा रिकामी राहते. म्हणजे भोक बुजलेल्या दिवशीही पाणी बाहेर येत नाही. दुकानदार एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, घ्या म्हणतील. त्यात माशाची घाण अडकली की तो अर्धवट उघडा राहतो, आणि हे कळतं ते नेमकं लाइट गेल्यावर. मी घेतला नाही.

सम्पचे कप्पे असे. डावीकडून पहिला सात इंचांचा, त्यात वरून पाणी पडतं. मग बारा इंचांचा मीडियाचा, म्हणजे पाणी साफ करणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्या सामानाचा, कप्पा. मग बुडबुडे अडवायला एकेक इंचाच्या दोन फटी, आणि शेवटी उरतात त्या जेमतेम आठ इंचांत पंप. यासाठी चार काचा लागतात. पहिली काच तळापासून दीड इंच उचललेली, म्हणजे पाणी तिच्या खालून जाऊन मीडियातून वर चढेल. दुसरी तळाला चिकटलेली, नऊ इंच उंच. तिसरी तळापासून एक इंच उचललेली. चौथी पुन्हा तळाला चिकटलेली, आठ इंच उंच. पाणी एकीखालून, एकीवरून असं जातं आणि बुडबुडे पंपापर्यंत पोचेपर्यंत फुटून जातात. उचललेल्या काचांचा वरचा काठ सम्पच्या काठापेक्षा इंच-दोन इंच खालीच ठेवा.

काचवाल्याकडे जाताना माप आतल्या बाजूने घ्या. बाहेरून बारा इंच असलेली टाकी ५ मिलिमीटर काचेमुळे आतून बारा भरत नाही. मी सगळ्या काचा अकरा इंच चार सूत रुंद कापून घेतल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला थोडी जागा राहते. घट्ट बसणारी काच नकोच. कडा घासून द्यायला सांगा, पुढे वर्षानुवर्षं याच कडांशेजारी हात घालायचा आहे.

सिलिकॉन साधं ॲसिटिक घ्यायचं, व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमसाठी म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध असतं, ते माशांना नको. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, तेव्हा जिथे काच बसणार तिथलं जुनं ब्लेडने खरवडून ॲसिटोनने पुसा. फक्त टाकीचे मूळ सांधे खरवडू नका! पावसाळ्यात सिलिकॉन सुकत नाही असं मला दोन दुकानांत ऐकवलं. उलट आहे. ते हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं. तरी दोन दिवस पूर्ण सोडा आणि वास गेल्याशिवाय पाणी भरू नका.

आता ओव्हरफ्लो. काचेला भोक न पाडता यू आकाराचा पाइप काठावरून टाकून सायफनने पाणी उतरवता येतं, आणि स्वस्तात म्हणून बरेच जण तेच करतात. मी करणार नाही. त्या यूच्या माथ्यावर हळूहळू हवा साठते, एक दिवस सायफन तुटतो, आणि पंपाला ते कळत नाही. भोक पाडलेल्या टाकीत पाणी नुसतं गुरुत्वाकर्षणाने उतरतं, लाइट आल्यावर आपोआप सुरू होतं.

भोक पाडण्याआधी काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना ते बघा, कारण टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. काळपट ठिपके-पट्टे दिसले तर ड्रिल विसरा. साधी असेल तर टाकी रिकामी करून ३५ मिलिमीटरच्या डायमंड होल सॉने दोन भोकं पाडायची, मागच्या काचेत, वरच्या काठापासून तीन इंच खाली मध्य धरून. एक इंची टँक निपलचे, म्हणजे भोकात बसवायच्या जोडाचे, आटे ३३ मिलिमीटरचे असतात, त्याला हे माप बरोबर बसतं. काठ आणि भोक यांच्यात निदान भोकाएवढं अंतर हवंच. टाकी आडवी झोपवा, भोकाभोवती कणकेचं आळं करा, त्यात पाणी ठेवा. ड्रिल हळू, हॅमर बंद, जोर अजिबात नाही. शेवटच्या मिलिमीटरला तर मशीनचं नुसतं वजनही जास्त होतं. काचवाला करून देत असेल तर शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका.

दोन भोकं का? एक रोजचं, एक संकटातलं. दोन्हीत टँक निपल बसवा, रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, आतून तोंड वर केलेला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. एल्बोचं तोंड जिथे, तिथेच टाकीची पातळी. दुसऱ्या एल्बोत पाइपाचा छोटा तुकडा घालून त्याचं तोंड पाऊण इंच वर आणा. ते कायम कोरडं राहायला हवं. तिथून पाणी पडल्याचा आवाज आला की समजायचं, पहिलं तुंबलंय. पहिल्याला जाळी लावा. मी एंड कॅपला हॅकसॉने उभ्या चिरा पाडल्या.

टाकीच्या बाहेर, निपलनंतर सरळ एल्बो लावला तर पाणी संडासच्या टाकीसारखं गुरगुरतं. तिथे टी लावा. खालच्या तोंडातून पाणी उतरेल, वरच्या तोंडाला टोपी आणि टोपीला २-३ मिलिमीटरचं भोक. हवा तिथून आत जाते आणि आवाज बसतो. भोक थोडं थोडं मोठं करत कान लावून बघा. खाली उतरणारा पाइप शक्य तितका उभा, सम्पमधल्या पाण्यात त्याचं टोक अर्धा-एक इंच बुडलेलं. जास्त बुडवलं तर पाणी अडखळतं. आणि उतरणाऱ्या पाइपावर कॉक बसवू नका, कितीही मोह झाला तरी. प्रवाह कमी करायचा तो पंपाकडून.

फिटिंग्ज पुण्याच्या बोहरी आळीत घेतली, सगळी यूपीव्हीसी. सॉल्व्हेंट फक्त पंपाच्या बाजूच्या, म्हणजे दाबाच्या सांध्यांना लावलं. सम्पमध्ये उतरणारा शेवटचा तुकडा नुसता दाबून बसवलाय, साफ करताना निघतो. पंप आणि पाऊण इंची रिटर्न पाइप यांच्यात वीतभर मऊ नळी आणि दोन क्लॅम्प घाला, नाहीतर पंपाची थरथर स्टँडमध्ये उतरते आणि रात्री घरभर ऐकू येते. रिटर्नवर एक बॉल व्हॉल्व्ह, एक युनियन, म्हणजे पाइप न कापता खोलता येणारा जोड. बस.

पंपाच्या डब्यावर २५०० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीला. साडेचार फूट चढवल्यावर हातात निम्मं येतं, आणि मला तेवढंच हवं होतं, कारण टी लावलेल्या इंची पाइपातून शांतपणे हजार-बाराशे लिटरच उतरतात. मोजायला २० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे: मिनिटात भरली तर तासाला १२०० लिटर. कूलरचा पंप लावू का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. तो उन्हाळ्यापुरता चालायला बनवलेला असतो, हा वर्षभर थांबत नाही. ४० वॅटचा पंप दिवसाला एक युनिटच्या आसपास खातो, तेही खर्चात धरा. आमचे सासरे वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच अट घातली होती: प्रत्येक वायर आधी खाली झोळ खाऊन मग वर प्लगकडे गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल. आणि लाइनला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच.

मीडियाला पैसे घालवू नका. तुळशीबागेत भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या काथ्या डझनाने मिळतात, साबण न भरलेल्या. त्यांच्या जाळीवर जिवाणूंना भरपूर जागा मिळते. थोड्या सिरॅमिक रिंग्ज जाळीच्या पिशवीत घातल्या. पाणी पडतं तिथे भाजी निथळायची प्लॅस्टिकची चाळणी आणि त्यात गादी-उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस. तो ऑस्करच्या कृपेने तीन-चार दिवसांत तपकिरी होतो. फेकायचा, नवा घालायचा. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात म्हणून एका कोकणातल्या मैत्रिणीने घातले होते. लाल गाळ सुटत राहिला, शेवटी काढले.

सगळं जोडून झालं की मासे न घालता, पाण्यावर चाचणी घ्या. टाकी भरा, पंप सुरू करा, पंपाच्या कप्प्यात साडेसहा इंच पाणी राहील असं बघून काचेवर मार्करने रेघ मारा. मग प्लग काढा आणि खुर्ची टाकून बघत बसा. पाणी चढून थांबेल तिथे दुसरी रेघ. मग सायफनच्या भोकावर बोट दाबून पुन्हा तेच करा. मग उलटी चाचणी: दोन्ही ओव्हरफ्लोची तोंडं फडक्याने बंद करून पंप चालू ठेवा. पंपाच्या कप्प्यातलं दहाएक लिटर पाणी वर जाईल, टाकी पाऊण इंच चढेल आणि पंप हवा ओढायला लागेल. लगेच बंद करा. टाकी काठाबाहेर गेली नाही तर सम्प पास. पंपाचा कप्पा लहान ठेवला तो याचसाठी.

लहान कप्प्याची किंमत एप्रिल-मेमध्ये मोजावी लागते. टाकीतून रोज दोन-अडीच लिटर पाणी उडतं, आणि पातळी फक्त त्याच कप्प्यात उतरते, दिवसाला दीड इंच. सकाळी दोन तांबे साठवून मुरवलेलं पाणी घालायचं, पहिल्या रेघेच्या वर कधीच नाही. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना ती रेघ दाखवून जा. हीटर वापरत असाल तर तो मीडियाच्या कप्प्यात, पंपाच्या कप्प्यात नको. तिथे पाणी उतरलं तर तो उघडा पडून तडकतो.

जुना फिल्टर लगेच काढू नका. चार ते सहा आठवडे दोन्ही चालवा, किंवा जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता तसाच मीडियाच्या कप्प्यात टाका, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू नव्या घरात येतील. पाणी बदलणं मात्र सुटत नाही. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि ते पाण्यात साठतच राहतं, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढावंच लागतं. ते सम्पमधूनच काढा, पंप बंद करून. आणि ते ६ मिलिमीटरचं भोक महिन्यातून एकदा टूथपिकने साफ करा.