हॉट टबचं पाणी नितळ दिसतं म्हणून लगेच उतरू नका
गरम पाण्यात क्लोरीन झपाट्यानं कमी होतं आणि लेजिओनेलासारखे जिवाणू त्याच उबेत वाढतात. जेटच्या तुषारांतून ते थेट फुप्फुसांत जाऊ शकतात, म्हणून हे मनावर घ्याच. दर वेळी उतरण्याआधी टेस्ट स्ट्रिप (रंग बदलून पाण्याची तपासणी करणारी पट्टी) बुडवून पाहा: क्लोरीन किमान 3 पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत 3 भाग (क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असाल तर 4 ते 8), आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप, 7 ते 7.8. पीएच त्याहून चढला तर क्लोरीन पुरेसं असूनही त्याचा जोर ओसरतो. अंगाला तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर आधी साबणानं आंघोळ करा, नाहीतर क्लोरीन त्यावरच खर्ची पडतं. टबच्या कडा बुळबुळीत लागल्या तर मात्र नुसतं क्लोरीन किंवा ब्रोमीन वाढवू नका. पाणी पूर्ण काढा, टब घासा, फिल्टर धुवा, मगच नवं पाणी भरा.