कातकरी मुलांच्या शिक्षणासाठी परदेशी देणगी कशी स्वीकारावी

रायगड किंवा रत्नागिरीत कातकरी वाड्यांवर काम करणाऱ्या लहान संस्थेला परदेशातून मदत देऊ केली गेली, तर रकमेआधी मुलांच्या वर्षाचा विचार करावा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. म्हणून खोल्या बांधण्यापेक्षा किंवा दप्तरे वाटण्यापेक्षा, मुलांना वाडीतच आजी-आजोबांजवळ ठेवून त्यांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय करणे, भट्टीवर वर्ग चालवणे आणि कातकरी बोली बोलणाऱ्या वाडीतल्याच तरुणीला मदतनीस नेमणे यांवर खर्च मांडावा. हा आराखडा आईवडिलांसमवेत, ते गावात असतानाच करावा. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे, आणि तिच्या नावाने येणाऱ्या पैशाचा निर्णय तिच्या गैरहजेरीत होणे मला अन्यायाचे वाटते.

जे शासनाकडून हक्काने मिळायला हवे, त्यावर देणगी खर्च करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. हंगामी वसतिगृहाची मागणीही आधी शिक्षण विभागाकडे लेखी करावी. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी मात्र ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला तो जमवणे फार अवघड जाते, म्हणून त्या कामाला संस्थेने माणूस द्यावा.

आता पैसा कोणाचा आहे ते पाहावे. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या, भारतीय पारपत्र असलेल्या गावकऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम कायद्याने विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरत नाही. त्याच्या पारपत्राची प्रत जपून ठेवावी. तोच गावकरी परदेशी नागरिक झाला असेल, तर त्याची देणगी विदेशी ठरते, मग त्याचे घर दापोलीत असो की श्रीवर्धनला.

विदेशी देणगीसाठी २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि तिने मागील तीन वर्षांत १५ लाख रुपये मूळ कार्यावर खर्च केलेले असावेत. एवढा खर्च नसलेल्या संस्थेने पूर्वपरवानगीचा, म्हणजे ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेपुरती परवानगी घेण्याचा, मार्ग धरावा. त्यासाठी रक्कम व हेतू स्पष्ट लिहिलेले देणगीदाराचे पत्र जोडावे लागते. रक्कम फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी. ते खाते स्थानिक शाखेमार्फत उघडता येते, आणि खर्चासाठी गावाजवळच्या बँकेत वेगळे खाते ठेवता येते.

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला विदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे मुंबईतील नोंदणीकृत संस्था तिच्याकडे आलेले पैसे तुम्हाला देऊ लागली, तर नम्रपणे नकार द्यावा. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. शाळेत शिकवणाऱ्यांचे पगार त्यात धरले जात नाहीत, म्हणून हजेरीपत्रके नीट ठेवावीत. आर्थिक वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, लेखापरीक्षित वार्षिक विवरण ऑनलाइन भरावे. नेमक्या त्याच काळात कुटुंबे भट्टीवर निघत असल्याने हिशेबाचे काम गणपतीपूर्वीच उरकावे.