शिशाची सोंगटी की वजन? व्हायकिंग काळातल्या वस्तू ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या शेतांत मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्यांना बोटाच्या पेराएवढे शिशाचे नग सापडत असतात. काही शंकूसारखे, काही घुमटासारखे, काही नुसत्या चकत्या. त्यातल्या काही व्हायकिंगांच्या पटावरच्या सोंगट्या, तर काही चांदी तोलायची वजनं. लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’च्या नोंदी फोटोंसकट कोणालाही घरबसल्या बघता येतात. त्या चाळताना, किंवा तिकडे राहणाऱ्या कुणाच्या हाती खरंच असा नग लागला तर, ओळख नेमकी कुठे चुकते ते आधी समजून घ्या.

आधी काट्यावर ठेवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नग सापडला की लोक ग्रॅम मोजतात आणि आकडा कुठे बसतो ते शोधू लागतात. डब्लिनमध्ये मिळालेल्या व्हायकिंग काळातल्या वजनांवरून सुमारे २६.६ ग्रॅमचं एकक मांडलं गेलं आहे. मग १३.१ ग्रॅम भरलं की ‘अर्धं’, ८.९ भरलं की ‘तिसरा हिस्सा’, ६.५ भरलं की ‘पाव’! आता जरा हिशेब करा. वजनं चार-चार ग्रॅमच्या पटीत होती असं धरलं आणि एक ग्रॅम इकडेतिकडे चालवून घेतला, तर रस्त्यावरून उचललेला कुठलाही खडा निम्म्या वेळा ‘बरोबर’ बसेल. अशा जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही.

शिवाय आज काट्यावर दिसतं ते मूळ वजन नसतंच. अकराशे वर्षं मातीत पडलेल्या शिशावर कार्बोनेटचा पांढुरका थर चढतो, कडा झिजतात, नांगराचा फाळ लागून कपचा उडतो. एकट्या नगाच्या आकड्याला म्हणूनच फारशी किंमत नाही. एकाच जागेवरचे पुष्कळ नग असतील, तर मात्र आकडे बोलू लागतात. आयर्लंडमध्ये वॉटरफर्डजवळ वुडस्टाउनला शिशाची दोनशेहून अधिक वजनं मिळाली. असा साठा हाती असला की एककाची चर्चा करण्यात अर्थ आहे.

नग उलटा करून बघा

८७२-७३ चा हिवाळा व्हायकिंगांच्या मोठ्या सेनेने लिंकनशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी टॉर्क्सीला काढला. त्या तळावर शिशाच्या तीनशेहून अधिक सोंगट्या सापडल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खालून पोकळ आहेत. वजन ओतणाऱ्याला इतकी पोकळी ठेवायचं काही कारण नाही, म्हणून ओतीव पोकळ नग सोंगटीकडे झुकतो. पण तळाशी सुरीने खरवडलेली लहानशी खोबण वेगळी. ती जादा शिसं काढून वजन जुळवल्याची खूण असू शकते. आणि नग भरीव आहे म्हणून ते वजनच, असंही नाही. इथे अनेकजण फसतात.

वरच्या बाजूला सोनेरी मुलाम्याचा नक्षीदार तुकडा, मिनाकाम किंवा नाणं बसवलेलं असेल तर शंका बहुतेक मिटते. स्कॉटलंडमधल्या कोलन्से बेटावर, किलोरन बे इथल्या नौका-दफनात अशी नक्षीची वजनं तराजूसोबतच मिळाली. व्यवहारात जो तो आपापला तराजू आणि वजनं घेऊन येई. आपलं वजन चटकन ओळखू यावं आणि कुणी वरून शिसं तासलं तर लगेच कळावं, यासाठी ही सजावट असावी असं मानलं जातं.

शेजारी काय मिळालं यावरून घाईने ठरवू नका

चांदीचे तुकडे किंवा दिरहम ही अरबी चांदीची नाणी आसपास मिळाले म्हणजे शिशाचा प्रत्येक नग वजनच, हा तर्क टिकत नाही. टॉर्क्सीला दिरहमांचे तुकडे, वजनं आणि सोंगट्या, सगळंच आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरल्या स्कार इथल्या नौका-दफनात व्हेलच्या हाडाच्या २२ सोंगट्या होत्या, आणि त्याच दफनात शिशाची दोन वजनंही! त्यापेक्षा संचाकडे लक्ष द्या. सोंगट्या साधारण एकसारख्या लागतात, ह्नेफाताफ्ल या व्हायकिंगांच्या पटावरच्या खेळातला राजा तेवढा वेगळा. वजनांना मात्र लहान-मोठी चढण लागते.

भोक किंवा कडी असेल तर आधी सूत कातायच्या चातीची चकती, मासेमारीच्या जाळ्याला बांधायचं वजन, रोमन काट्याचं लोंबतं वजन यांचा विचार करा. साध्या चकत्या आणि शंकू रोमन काळापासून अगदी अलीकडेपर्यंत बनत आले आहेत, त्यामुळे नुसत्या आकारावरून ‘व्हायकिंग’ हा शिक्का मारू नये. उलट चौदा पैलूंचं, ठिपक्यांची नक्षी असलेलं तांब्याच्या मिश्रधातूचं वजन जवळपास मिळालं असेल, तर काळ ठरवायला भक्कम आधार मिळतो.

पांढरा थर घासून काढू नका: पृष्ठभागावरच्या खुणा जातात आणि शिशाची विषारी पूड हाताला लागते. ओकच्या लाकडी पेटीतही ठेवू नका, त्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शिसं खाते. सापडल्याची जागा नकाशावर जितकी अचूक टिपता येईल तितकी टिपून ‘फाइंड्स लिएझन ऑफिसर’ला, म्हणजे याच स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला, दाखवा, आणि खात्री नसेल तर नोंदीत ‘सोंगटी किंवा वजन’ असंच राहू द्या.