सह्याद्रीत न्यायचा ट्रायपॉड: हलका, तरी भक्कम कसा निवडायचा

ट्रायपॉडच्या खोक्यावर ‘लोड कपॅसिटी १२ किलो’ असं ठळक छापलेलं असतं आणि बहुतेक खरेदी त्या आकड्यावर होते. तो आकडा बाजूला ठेवा. तो मोजण्याची सगळ्या कंपन्यांना लागू असलेली एकच पद्धत नाही. शिवाय किती वजनाला ट्रायपॉड खचेल किंवा घसरेल एवढंच त्यातून कळतं, तो किती थरथरेल हे कळत नाही. आपला कॅमेरा आणि लेन्स मिळून एक ते अडीच किलो भरतात. एवढ्या वजनाने ट्रायपॉड सहसा मोडत नाही. फोटो बिघडतो तो थरथरीने, आणि तिची चौकशी तीन ठिकाणी करायची: सगळ्यात बारीक नळी, मधला दांडा न उचलता मिळणारी उंची आणि तिन्ही पाय जिथे जुळतात तो सांधा.

नळ्यांपासून सुरुवात करू. नळीच्या भिंतीची जाडी तेवढीच असली तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २८ मिमीची नळी २२ मिमीच्या नळीपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ. पायाचा प्रत्येक पुढचा टप्पा साधारण ३ मिमीने बारीक होत जातो. वर २८ मिमी असेल तर चार टप्प्यांच्या पायात शेवटची नळी १९ मिमीच्या आसपास राहते, आणि ती पुरेशी आहे. वर २२ मिमी आणि टप्पे पाच असतील तर खालची नळी बोटापेक्षा बारीक होते. असा ट्रायपॉड सॅकमध्ये छान मावतो, पण पूर्ण उघडला की वाऱ्यात वेतासारखा हलतो. ट्रेकसाठी २५ ते २८ मिमीची वरची नळी आणि चार टप्पे हा मेळ सगळ्यात चांगला जमतो. घडी ४५ ते ५० सेंमी, हेडसकट (हेड म्हणजे कॅमेरा बसवायचा वरचा भाग) वजन दीड किलोच्या आसपास. हेडसकट एक किलोच्या आतला ट्रायपॉड छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि त्याच्यासोबत येणारी किट लेन्स एवढ्यालाच घ्यावा.

उंची काढायला टेप घ्या. जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून हेडचे १० आणि कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरपर्यंतचे साधारण ८ सेंमी वजा करा. उंची १७० सेंमी असेल तर डोळा १५८ ला येतो, म्हणजे पायांची उंची १४० सेंमी पुरे. ही मधला दांडा खाली असतानाची उंची हवी. कंपनी ‘कमाल उंची’ म्हणून सांगते ती दांडा वर ओढून मोजलेली असते. दांडा उचलला की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखं होतं आणि पायांचा भक्कमपणा वाया जातो. डोंगरात नेहमी फिरणाऱ्यांनी १० सेंमी जास्तच धरावेत, कारण उतारावर खालच्या बाजूचे पाय लांब करावे लागतात.

दांडा काढता येणारा किंवा अगदी आखूड असावा. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर दवबिंदू, सीतेची आसवं यांसारखी फुलं वीतभर किंवा त्याहूनही बुटकी असतात. लांब दांडा जमिनीला टेकला की कॅमेरा ३५–४० सेंमीच्या खाली जातच नाही. दांडा काढून पाय पूर्ण पसरले की १५ सेंमीपर्यंत उतरता येतं. (तिथे आखलेल्या वाटेबाहेर ट्रायपॉडचा पायही जाता कामा नये. फुलं चिरडायला पायाच्या टोकाचा रबरी बूटही पुरेसा होतो. कासला ट्रायपॉड चालेल का, हे फाटकावर आधी विचारून घ्या.)

कार्बन फायबर की ॲल्युमिनियम? त्याच मापात कार्बन साधारण पाव हिश्श्याने हलका असतो, थरथर लवकर शमवतो आणि पहाटेच्या थंडीत हाताला गार लागत नाही. पण धारदार दगडावर आपटला तर त्याला चीर जाऊ शकते. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तो वाकतो, पण बहुतेकदा काम भागवतो. पैसे मोजके असतील तर स्वस्त कार्बनपेक्षा चांगला ॲल्युमिनियम घ्या. स्वस्त कार्बनमध्ये काटकसर नळीपेक्षा सांध्यात आणि लॉकमध्ये केलेली असते, आणि ढिलाई नेमकी तिथेच नडते.

पायाचे टप्पे घट्ट धरणारे लॉक दोन तऱ्हेचे. खटक्याचे लॉक उघडे की बंद हे लांबूनही दिसतं. कालांतराने ते सैल पडतात, तेव्हा ॲलन कीने स्क्रू थोडा आवळायचा, म्हणून ती की सॅकमध्ये हवीच. पिळायचे लॉक आटोपशीर असतात आणि झुडपात अडकत नाहीत, पण आट्यांत वाळू गेली की करकरतात. अर्ध्या फेऱ्यात सुटणारे आणि ओल्या हाताने घट्ट होणारे घ्या.

हेड म्हणून बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, गोळा ३० ते ३६ मिमीचा. कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची प्लेट आर्का-स्विस या प्रचलित पद्धतीची. या प्लेटा कुठल्याही कंपनीच्या मिळतात. एका कंपनीपुरती चालणारी प्लेट ट्रेकमध्ये हरवली तर बदली मिळत नाही.

दुकानात पंधरा मिनिटं मागून घ्या आणि आपला कॅमेरा, आपली सगळ्यात लांब लेन्स घेऊन जा. दांडा खाली ठेवून पाय पूर्ण उघडा. वरून दोन्ही तळहातांनी दाबा: एखादा टप्पा सरकला तर ट्रायपॉड परत करा. मग हेड धरून किल्ली फिरवल्यासारखं डावी-उजवीकडे पिळा. सांधा सैल असेल तर पाय जागेवर राहून माथा किंचित फिरतो. ही ढिलाई आवळून पूर्ण जात नाही. आता कॅमेरा चढवा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) १० पट मोठा करा, दूरच्या पाटीवरचं अक्षर धरा आणि पायाला बोटाने टिचकी मारा. अक्षर एक-दीड सेकंदात स्थिर व्हायला हवं. शेवटी अक्षर बरोबर मध्ये आणून नॉब आवळा आणि हात सोडा. फ्रेम खाली उतरली तर हेड कमकुवत. ७०-२०० मिमीसारखी जड लेन्स मात्र तिच्या कॉलरवरच (लेन्सभोवतीच्या, ट्रायपॉडला जोडायच्या कड्यावर) बसवून पाहा, नाहीतर हेडवर उगाच ठपका येतो.

प्रत्यक्ष वापरात पाय उघडताना जाड नळ्या आधी, बारीक शेवटी. वाळू, चिखल किंवा ओढ्यात मात्र हा क्रम उलटा करायचा: सगळ्यात खालचा टप्पा आधी पूर्ण काढा, म्हणजे लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतात. समुद्रकिनारी पाय आधी दाबून वाळूत रुतवा, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि एक्स्पोजर चालू असताना कॅमेरा खचतो. ओल्या कातळावर रबरी बूट, गवताळ मातीत स्पाइक (अणकुचीदार टोकं). म्हणून बूट काढून स्पाइक लावता येणारे पायच निवडा.

उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वरच्या. पावसाळ्यात नाणेघाटात वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. तिथे पूर्ण उंचीचा हट्ट सोडा, पायांचा फक्त पहिला टप्पा उघडून, खाली बसून काम करा, पाय एक खाच जास्त पसरा. ट्रायपॉडच्या मधोमध खाली असलेल्या हुकाला सॅक अडकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी, कारण लोंबकळणारी सॅक झोके घेऊन कंप वाढवते. कॅमेऱ्याचा पट्टाही काढून ठेवा, तो शिडासारखा वारा धरतो. दोन सेकंदांचा टायमर लावा.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी लॉक बंद ठेवून गोड्या पाण्याने धुवा. ओले टप्पे आत ढकलू नका, पाणी नळीत चढतं. घरी एकावेळी एकच पाय उघडा. आत प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात आणि त्यांचे छोटे उंचवटे नळीच्या भोकांत बसतात. कुठली कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ब्रशने वाळू काढा, सावलीत रात्रभर वाळवा. ग्रीस फक्त आट्यांवर, बोटाने पुसून राहील इतकंच लावा. नळीवर किंवा पट्ट्यांवर लागलं तर लॉक घट्ट आवळूनही पाय हळूहळू सरकत राहतो.