नाताळचा तारा गॅलरीच्या बाहेर टांगा

नाशिकच्या थंडीत डिसेंबर उजाडला की आमच्या घरात बांबूच्या कामट्या येतात. तारा विकतही मिळतो, पण निदान एकदा तरी स्वतः करा. जिन्यावर कागद कापत बसलं की येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, "काय चाललंय?" आपला विश्वास उघडपणे सांगायची याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही.

बुरूडाकडून दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या आणा. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या सुतळीने घट्ट बांधा. एकीवर दुसरी ठेवून पाचही टोकं एकमेकींना बांधा. मग आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागी, चार बोटं लांबीचे तुकडे उभे अडकवा. तारा लगेच फुगतो. हे तुकडे सारखे नसले तर एक पाय आत बसतो, म्हणून आधी पाचही मापून कापा. वरून पतंगाचा कागद लावा. संक्रांत जवळ असल्यामुळे तो डिसेंबरात सहज मिळतो. चिकटवायला कणकेची खळ पुरते, डिंकाने कागद आकसतो. मागची एक बाजू उघडी ठेवून आत छोटा एलईडी बल्ब सोडा. जुना पिवळा बल्ब तापतो, तो नको.

आता टांगायचा कुठे? बाहेर, रस्त्यावरून दिसेल असा. एका वर्षी सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "कशाला उगाच दाखवायचं?" मी मुकाट्याने तारा आत घेतला. त्या रात्री माझी मुलगी स्वयंपाकघरात त्याच्याखाली बसून जेवली आणि म्हणाली, "आई, आपण काही चुकीचं केलं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी तारा परत बाहेर टांगला. त्या गृहस्थांकडे करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट घेऊन गेले आणि तारा कशाचा ते सांगितलं. तेव्हापासून आमचं ताट त्यांच्याकडे जातं आणि दिवाळीचं त्यांचं आमच्याकडे येतं. आपल्या राज्यघटनेचं 25 वं कलम आपला धर्म मानण्याचा आणि सांगण्याचा हक्क देतं. ते लक्षात असू द्या, पण शेजाऱ्याच्या दारात कलम घेऊन जाऊ नका, फराळ घेऊन जा.

ताट देताना नुसतं "मेरी ख्रिसमस" म्हणून परत फिरू नका. "आमच्या प्रभू येशूचा जन्म, म्हणून गोड," असं म्हणा. कुणी पुढे विचारलं तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट आपल्या शब्दांत सांगा: उतारशाळेत जागा नव्हती, बाळाला गव्हाणीत ठेवलं आणि बातमी सगळ्यात आधी रानात रात्रभर मेंढरं राखणाऱ्यांना कळली. आपल्याकडे मेंढरं घेऊन फिरणारे धनगर सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे ही गोष्ट लगेच पोचते. विचारलं नाही तर थांबा. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. पतीने 1895 मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला, तरी त्यांनी स्वतःला पटेपर्यंत, 1900 पर्यंत, घेतला नाही. विश्वास ढकलून येत नाही हे मी त्यांच्याकडून शिकले. "तुमचा धर्म बाहेरचा," असं कुणी म्हटलं तरी मी त्यांचंच नाव सांगते. शिवाय नाशिकमधली आपली ख्रिस्ती वस्ती, शरणपूर, एकोणिसाव्या शतकात वसलेली, तीही इथलीच.

गाणी म्हणायला घरोघरी जाणार असाल तर मराठी भजनं घ्या, पेटी आणि टाळ बरोबर ठेवा. इंग्रजी गाण्याला लोक टाळ्या वाजवतात, अभंगाला मात्र आजीबाई दारात येऊन मान डोलावतात. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. मध्यरात्रीची उपासना चर्चच्या आतच होऊ द्या. आजारी माणूस किंवा परीक्षेचं पोर असेल त्या घरासमोर आवाज आपणहून खाली आणा.

ऑफिसात सुटी मागताना "घरचं काम आहे" लिहू नका, "नाताळ" लिहा. मी कित्येक वर्षं तसं लिहीत नव्हते.

तारा 26 तारखेला काढू नका. 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे तारा पाहून पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मागी लोक, बाळापाशी पोचले त्याच्या सणापर्यंत, तो उजळत राहू द्या. मग कागद फाडून टाका आणि सांगाडा माळ्यावर ठेवा, पुढच्या वर्षी नुसता कागद लागेल.