अरबी धातू शोधताना या चुका टाळा

तहसील, महसूल आणि हासील हे तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत, हे कळलं की माणसाला चटक लागते. मग दिसेल त्या शब्दाचा धातू, म्हणजे मूळ व्यंजनांचा गाभा, शोधावासा वाटतो. शोधावाच. मोडी कागद वाचणाऱ्याला आणि उर्दू किंवा अरबी शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. फक्त काही ठिकाणी हमखास पाय घसरतो.

आधी मूळ गोष्ट. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांवर उभे असतात. क-त-ब म्हणजे लिहिणं. त्यावरून किताब, लिहिणारा तो कातिब, लिहिलेलं ते मकतूब, आणि लिहायला शिकवतात ती जागा मकतब, म्हणजे शाळा. व्यंजनं अर्थाचा गाभा सांभाळतात. स्वर आणि पुढेमागे लागणारी अक्षरं साचा ठरवतात. महसूल, मकतूब, मशहूर एकाच साच्यातले. तहसील, तालीम, तपशील दुसऱ्या साच्यातले.

मराठी अक्षरांवर विसंबणं. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. अरबीतली चार वेगळी अक्षरं (जाल, जे, जाद, जोय) आपल्याकडे येईपर्यंत नुसता ‘ज’ होतात. सीन, स्वाद आणि से यांचा एकच ‘स’ होतो. ऐन हे अक्षर तर बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. म्हणून नजर आणि नजराणा सख्खे वाटतात, पण त्यांचं काही नातं नाही. नजरेत जोय आहे, अर्थ पाहणं. तिचे खरे भाईबंद म्हणजे मंजूर (पाहिलेलं, म्हणून पसंत केलेलं), इंतजार (वाट पाहणं) आणि कोर्टातला नाझर (देखरेख करणारा). नजराण्यात जाल आहे. मुळात नज्र म्हणजे नवस. कायदा आणि कैद यांचंही तसंच. कायद्याच्या मध्ये ऐन आहे, धातूचा अर्थ बसणं, त्यावरून पाया आणि मग नियम. कैदेच्या मध्ये ‘ये’ (य) हे अक्षर आहे, अर्थ बांधून ठेवणं. वसूल आणि महसूल तर रोज एका वाक्यात येतात, पण वसूलचा धातू व-स-ल, म्हणजे पोहोचणं. आपण ज्याची ‘वासलात लावतो’ तो शब्द या घरातला.

उलटही होतं. जप्ती आणि मजबूत ऐकून कुणाला नातं सुचणार नाही, पण दोन्ही जाद-बे-तोय (ज-ब-त) या एकाच धातूचे: घट्ट धरणं. सरकार घट्ट धरतं ती जप्ती, घट्ट बांधलेलं ते मजबूत. मराठीत ‘ब’चा ‘प’ झाला आणि ओळख पुसली.

उपाय सोपा आहे. शब्द उर्दू लिपीत कसा लिहितात ते पाहा. उच्चार बदलले तरी फारसी आणि उर्दूने अरबी शब्दांची अक्षरं जशीच्या तशी जपली आहेत, त्यामुळे नजर आणि नजराणा कागदावर लगेच वेगळे दिसतात.

फारसी शब्दाला अरबी धातू चिकटवणं. जमीन, बाजार, दरबार हे फारसी आहेत. त्यांत तीन व्यंजनं शोधू नका. मजबूर अरबी ज-ब-र मधून आला, जबरदस्त मात्र फारसी, ‘वरचढ हात असलेला’. तहसीलदारातला ‘दार’ही फारसी, तो आधी काढून ठेवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) शब्दापुढे अरबी की फारसी याची खूण असते. तेवढी पाहिली तरी पुष्कळ चुका टळतात.

सुरुवातीचा म किंवा त डोळे मिटून छाटणं. मालक आणि मुलूख यांत ‘म’ धातूचाच आहे, म-ल-क. मुदतीतलाही. तर्जुमा तर चार व्यंजनांचा शब्द आहे, त-र-ज-म. त्यातला ‘त’ उडवला की उरतो र-ज-म, म्हणजे दगड मारणं!

गळालेलं अक्षर न मोजणं. धातूत ‘वाव’ (व) किंवा ‘ये’ असेल तर ते रूप बदलतं, कधी दिसेनासं होतं. दावा, दुआ, दावत हे तिन्ही दाल (द)-ऐन-वाव या धातूचे: हाक मारणं, मागणं, बोलावणं. आपला मुद्दाही त्यांचाच, मूळ मुद्दआ, दाव्यात मांडलेली गोष्ट. तिथे साच्यातला ‘त’ बदलून ‘द’ झाला आणि धातूतल्या ‘द’मध्ये मिसळला, म्हणून ते जोडाक्षर. मौत आणि मयत यांची जोडी लावतानाही मधला वाव लक्षात ठेवा.

एका धातूचा एकच अर्थ मानणं. फ-स-ल म्हणजे वेगळं करणं. तपशील (तफसील) म्हणजे बाबी सुट्या करून सांगणं, फैसला म्हणजे खरंखोटं वेगळं करणं, फसल म्हणजे वर्षाचा एक भाग, त्यावरून पीक. इथे सगळं छान जुळतं. पण ज-म-लखाली सौंदर्याचा जमाल, उंटाचा जमल आणि बेरजेचा जुमला शेजारी बसतात. त्यांना ओढूनताणून एका तत्त्वज्ञानात बसवणारे लेख वाचले की मला वाईट वाटतं. वाचकाची त्यात फसवणूक होते. जुळत नसेल तर तसंच सोडून द्यावं.

आणि कोश उघडताना: हान्स वेहरचा अरबी कोश (जर्मन 1952, इंग्रजी 1961) धातूंच्या क्रमाने लावला आहे. महसूल मीमखाली (म) सापडणार नाही, तो ‘हे’ (ह) या अक्षराखाली. तपशील ‘फे’खाली (फ), मुद्दा दालखाली.